मोजून राखलेली मोकळीक

नगरातील उद्यान म्हटले की त्याच्या मुळाशी एखाद्या राजाचा विलास, एखाद्या धनिकाचे दातृत्व किंवा एखाद्या रसिक अंमलदाराची हौस असावी, अशी आपली सहज समजूत असते. आणि मुंबईपुरते बोलायचे तर भायखळ्याची राणीची बाग, जी १८६२ साली लोकांना खुली झाली, ती या समजुतीला पुष्कळशी पुष्टीही देते. परंतु त्याच बेटाच्या उत्तरेस, दादर, माटुंगा आणि माहीमचा दक्षिण भाग मिळून जे एक मध्यमवर्गीय उपनगर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले, तेथील उद्यानांची वंशावळ अगदी निराळी आहे. पाच उद्याने, किंग्ज सर्कल आणि शिवाजी पार्क ही नावे आज उच्चारताच वृक्षांची सावली, संध्याकाळचा फेरफटका आणि क्रिकेटचा चेंडू डोळ्यांपुढे येतात. पण या जागांचा उगम शोधीत सरकारदफ्तरापर्यंत गेले, तर तेथे भेटतात ती एक महाभयंकर साथ, एक भूसंपादनाचा कायदा आणि भूमितीतील एक कोन.

या मुलखाचे पूर्वरूप आज कल्पनेनेच उभे करावे लागते. शीव, माटुंगा, वडाळा या बाजूस सखल भातखाचरे आणि खाडीलगतची मिठागरे, तर माहीमच्या बाजूस समुद्रापर्यंत पसरलेल्या माडांच्या वाड्या, असे त्याचे साधारण स्वरूप होते. कोळी, आगरी, भंडारी, वाडवळ आणि पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली कुटुंबे ही येथली मूळ वस्ती. १५९६ साली स्थापन झालेले दादरचे पोर्तुगीज चर्च हे तिच्या प्राचीनत्वाचे एक साक्षीदार. जमिनीवरील हक्कांचा मामलाही मोठा गुंतागुंतीचा होता. फजनदारी, फोरास, इनामी, टोका अशा नाना प्रकारच्या वहिवाटी बेटावर एकमेकींत मिसळून नांदत होत्या, आणि परळ, माटुंगा, शीव, धारावी या गावांतून जो टोका वसूल होई, तो मुळात पिकाचा वाटा असून पुढे रोख साऱ्यात परिणत झाला होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग या शेतांतून गेला, त्यानंतर काही वर्षांनी दुसरा लोहमार्ग त्याच्या पश्चिमेस येऊन मिळाला, आणि दादरचे पूर्व व पश्चिम असे जे दोन भाग त्यामुळे पडले, त्यांचा उद्यानांचा इतिहासही पुढे दोन वेगळ्या वाटांनी घडला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि थोड्याच महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. गिरण्या ओस पडल्या, बंदराचा व्यापार मंदावला, आणि ज्या शहरावर इलाख्याची संपत्ती अवलंबून होती ते शहर राहण्यास अयोग्य ठरते की काय, अशी भीती सरकारास वाटू लागली. या भीतीचे फलित म्हणजे १८९८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट. त्याच्यावर मुख्य कामे दोन सोपविलेली होती: शहराच्या गजबजलेल्या भागांतून रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आत आणणे, आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन तेथे नव्या वस्तीची तजवीज करणे. पहिल्या कामासाठी नागपाड्यात, प्रिन्सेस स्ट्रीटवर, सँडहर्स्ट रोडवर घरे पाडावी लागली. तेथे हवेच्या प्रत्येक झुळकेची किंमत कुणाच्या तरी छपराने मोजावी लागली. दुसऱ्या कामात छपरे थोडी आणि शेते पुष्कळ होती, म्हणून तेथे ट्रस्टच्या अभियंत्यांना कागदावर मनासारखी रेघ ओढता आली.

यातील मौजेची गोष्ट अशी की, ज्या कारणमीमांसेवर हा सारा डोलारा उभारला गेला, ती पुरती खरी नव्हती. कोंदट हवा, अंधाऱ्या खोल्या आणि दूषित जमीन यांतून रोग उद्भवतो, हा त्या काळच्या आरोग्यखात्याचा दृढ विश्वास. प्लेग उंदरांवरील पिसवांमधून पसरतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी निर्विवादपणे सिद्ध करीपर्यंत ट्रस्टच्या योजना आखून झाल्या होत्या. पण कारण चुकले तरी उपाय अगदीच व्यर्थ गेला नाही, कारण प्रकाश आणि वारा यांची माणसाला असलेली गरज प्लेगवर अवलंबून नव्हती. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या प्रकाश-हवेवर जे विवेचन केले, त्यात त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आग्रहाने मांडला. राहत्या खोलीच्या खिडकीशी, जमिनीपासून मोजता, एवढ्या कोनात आकाश दिसले पाहिजे. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. अशा रीतीने मोकळीक ही कवीच्या किंवा माळ्याच्या अखत्यारीतून निघून ओव्हरसियरच्या अखत्यारीत आली, आणि तिला प्रथमच माप मिळाले.

दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना १८९९-१९०० च्या सुमारास आखल्या गेल्या, आणि त्यांपैकी प्रत्येकीत ६०,००० माणसांची सोय करण्याचा संकल्प होता. आधी जमिनी संपादन करावयाच्या, मग त्या भरून सपाट करावयाच्या, नंतर रस्ते, गटारे आणि चौक तयार करावयाचे, आणि हे सर्व झाल्यावर भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावयाचे, असा हा क्रम होता. जुन्या मुंबईत घर आधी येई, त्याच्या भोवती वाट पडे, आणि वाटेच्या कडेला काही उरलेच तर त्यास मोकळी जागा म्हणत. येथे हा क्रम मुळातून उलटला गेला, आणि भाडेकरू यायच्या आधी बाग नकाशावर येऊन बसली. पट्ट्याच्या अटींत इमारतीची उंची, भोवतीचे सोडावयाचे अंतर, व्यापलेल्या जमिनीचे प्रमाण यांचीही कलमे असत. मोबदल्याचे कज्जे, भरावाचा खर्च आणि पहिले महायुद्ध यांच्यामुळे योजना रेंगाळली, आणि वस्ती खऱ्या अर्थाने भरू लागली ती युद्धानंतरच्या दोन दशकांत.

या पूर्वेकडील भागाचे हृदय म्हणजे पाच उद्याने. रस्त्यांच्या संगमाभोवती पसरलेले हिरवळीचे हे पाच तुकडे एकमेकांपासून रस्त्यांनी विभागलेले आहेत, तरी वृक्षांनी त्यांना जोडून टाकले आहे. त्यांना ज्यांचे नाव दिलेले आहे ते मंचेरजी एदलजी जोशी हे व्यवसायाने अभियंता. मध्यमस्थितीतील पारशी कुटुंबांना शहराच्या दाटीतून बाहेर काढावे, या हेतूने त्यांनी ट्रस्टचे मन वळवून १०३ भूखंड आपल्या समाजासाठी राखून घेतले आणि त्यांवर दादरची पारशी कॉलनी वसविली. इतर पारशी वसाहतींना असते तशी तटबंदी या कॉलनीला नाही. तिचे रस्ते सार्वजनिक, तिच्या बागाही सार्वजनिक, आणि त्यामुळे एका समाजासाठी मागून घेतलेल्या मोकळिकीचा लाभ सर्वांना मिळत राहिला. शेजारच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथसंग्रहासह राहण्यासाठी राजगृह बांधले. माटुंग्यात दक्षिण भारतीय कारकून, शिक्षक आणि हिशेबनीस यांची वस्ती झाली. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १९२३ साली आणि रुईया, खालसा ही महाविद्यालये १९३७ साली येथे आली, तेव्हा दडकर मैदानासारख्या जागांना विद्यार्थ्यांची वर्दळ लाभली. त्याच्या उत्तरेस किंग्ज सर्कल, ज्याला आता महेश्वरी उद्यान म्हणतात, त्या वर्तुळाकार बागेभोवती आरंभी गाड्यांची तुरळक ये-जा असे, आणि आज तिला वाहनांचा अखंड वेढा पडलेला असतो. पावसाळ्यात याच भागात गुडघाभर पाणी तुंबते, तेव्हा नकाशाने पुसून टाकलेली भातखाचरे आपली सखल जागा अजून विसरलेली नाहीत, एवढे ध्यानात येते.

तथापि या उद्यानांचा गौरव करताना एक हिशेब नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साथीने बळी घेतले ते मुख्यतः चाळींतील श्रमिकांचे, आणि योजनेचे समर्थनही त्यांच्याच नावाने केले गेले. परंतु नव्या उपनगरातील ऐसपैस ब्लॉकांची भाडी त्यांच्या ऐपतीबाहेरची होती, आणि तेथे राहायला आला तो पगारदार, शिक्षित मध्यमवर्ग. ज्या शेतकऱ्यांच्या आणि माडाच्या वाडीवाल्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना मोबदला मिळाला खरा, पण बागेभोवतीच्या घरांत त्यांची नावे क्वचितच आढळतात. १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाईल रोड येथे श्रमिकांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधल्या. त्यांपैकी नायगावच्या चाळी पाच उद्यानांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एकीकडे कुटुंबागणिक एक खोली आणि दुसरीकडे कोन मोजून सोडलेले आकाश, हे दोन सरकारी मानदंड एकाच काळात, जवळजवळ एकाच पाणंदीच्या दोन टोकांना अमलात होते. उद्यानाला फाटक नसते किंवा असले तरी त्यावर पट्टेदाराची पाटी नसते, एवढ्या एकाच गोष्टीमुळे ही विषमता थोडी सुसह्य झाली.

लोहमार्गाच्या पश्चिमेस घडलेली हकीकत ट्रस्टची नव्हे, म्युनिसिपालिटीची आहे. १९१५ च्या नगररचना कायद्याने एक निराळी पद्धत उपलब्ध करून दिली होती: सर्व जमिनी कायमच्या विकत न घेता खातेदारांचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करावयाचे, त्यांतून रस्त्यांना आणि सार्वजनिक कामांना लागणारा हिस्सा काढून घ्यावयाचा, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपाने फिरून वाटून द्यावयाची. माहीमच्या नगररचना योजना याच पद्धतीने झाल्या. १९२५ साली तेथे सुमारे २८ एकरांचे मैदान लोकांसाठी खुले झाले, ते आरंभी माहीम पार्क या नावाने ओळखले जाई. १९२७ साली, शिवजन्माचे वर्ष १६२७ हे धरून त्रिशताब्दीचा उत्सव झाला, तेव्हा नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. पुढील वीस वर्षांत मैदानाभोवती तीन-चार मजल्यांच्या, गोलाकार सज्जांच्या इमारतींची जी रांग उभी राहिली, तीत मराठी वकील, डॉक्टर, लेखक, नट आणि गिरणीतील वरिष्ठ नोकर राहू लागले. १९३३ साली ट्रस्टचा कारभारही म्युनिसिपालिटीत विलीन झाला आणि रुळांच्या दोन्ही बाजूंच्या बागा एकाच दफ्तरात आल्या.

पाच उद्याने आणि शिवाजी पार्क यांत जो स्वभावभेद आहे, तो आखणीतच आहे. पूर्वेकडच्या बागेत हिरवळ, वाफे, बाक आणि पायवाटा यांनी माणसाने काय करावे हे आधीच सुचविलेले असते. पश्चिमेकडच्या मैदानास भोवती एक बैठा कट्टा आहे आणि मध्ये, पुष्कळशी, माती. कोणत्याही एका हेतूने न बांधलेली ही माती म्हणूनच सर्व हेतूंना उपलब्ध राहिली. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब रुजला. शिवाजी पार्क जिमखाना आणि माटुंग्याच्या बाजूचा दादर युनियन संघ यांच्या क्रिकेटमधील चुरशीत मुंबईच्या फलंदाजीचा कणखरपणा घडला. रमाकांत आचरेकरांनी याच मातीवर सचिन तेंडुलकरास तयार केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील विराट सभा येथे भरल्या, आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला दसरा मेळावाही येथेच झाला. जवळच्याच चौपाटीवर डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा अफाट जनसमुदाय याच मैदानात विसावा घेतो, ग्रंथ विकत घेतो, रात्र काढतो. ज्या श्रमिकांना या उपनगरातील भाड्याच्या खोल्यांनी दूर ठेवले, त्यांच्या लेकरांना आणि नातवंडांना या मैदानाने तेवढे दिवस तरी आपले म्हटले. या बहुविध वापराचा भोवतालच्या रहिवाशांस त्रास होत नाही असे नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला, आणि मैदान शेजाऱ्यांचे की शहराचे, हा वाद त्यानंतरही मिटलेला नाही. माझ्या मते तो न मिटण्यातच मैदानाचे सार्वजनिकत्व आहे. ज्या जागेवर एकाच पक्षाचा निर्विवाद हक्क बसतो, ती जागा थोड्याच अवधीत खासगी होते.

या पूर्वेतिहासाची किंमत कळण्यासाठी त्याच्या शेजारीच घडलेली अलीकडची घटना पाहावी. दादर, परळ आणि वरळीच्या गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या विस्तीर्ण जमिनींचे काय करावे, यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आले. त्यान्वये जमीन विकासास काढल्यास साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहबांधणीसाठी आणि उरलेला मालकासाठी, अशी वाटणी अपेक्षित होती. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली या सर्व जमिनींचा एकत्रित आराखडाही सुचविला. परंतु २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी, जिच्यावर आधीपासून बांधकाम नव्हते, तेवढ्याच भागास लागू झाली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. परिणामी शहराच्या वाट्याला अपेक्षेच्या मानाने फारच थोडी जमीन आली, आणि शिवाजी पार्कपासून थोड्याच अंतरावर कोहिनूर गिरणीच्या जागी काचेचा उत्तुंग मनोरा उभा राहिला.

दोन्ही प्रसंगी कायदा होता, नकाशा होता, तज्ज्ञांचा सल्ला होता. आणि पहिल्या प्रसंगी राज्यकर्ते परके असून त्यांचे शास्त्रही अर्धेमुर्धे चुकलेले होते. भेद पडला तो एवढाच की, १८९९ साली मोकळी जागा प्रथम वजा केली गेली आणि उरलेल्या जमिनीत घरे बसविली गेली, तर २००१ साली घरे प्रथम बसविली गेली आणि उरलेल्या जमिनीस मोकळी जागा म्हटले गेले. दादर-माटुंग्याचा नागरिक आज ज्या सावलीतून चालतो, ती त्याला या एका वजाबाकीच्या क्रमामुळे मिळालेली आहे. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे नवे मसुदे ज्या ज्या वेळी त्याच्यासमोर सहीसाठी येतील, त्या त्या वेळी मजले किती आणि चटईक्षेत्र किती हे विचारण्यापूर्वी त्याने मोकळ्या जागेचा आकडा कोणत्या ओळीत मांडला आहे, पहिल्या की शेवटच्या, एवढे तपासून घ्यावे.