सांधायचं की बदलायचं? १९१७ मधल्या फुटक्या इंजिनांची गोष्ट

गाडी उकळते. मेकॅनिक इंजिन उघडतो, हेड काढून टेबलावर ठेवतो आणि काळ्या नखाने एक बारीक रेघ दाखवतो. क्रॅक. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वेल्डिंग करून, फेसिंग मारून हेच बसवायचं की नवीन आणायचं? आपण बहुतेक वेळा फक्त खर्च विचारतो. १९१७ मध्ये हाच प्रश्न अमेरिकेच्या नौदलापुढे आला, आणि त्यांच्यासाठी खर्च ही सगळ्यात छोटी गोष्ट होती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीची मोठमोठी प्रवासी जहाजं न्यूयॉर्क, बॉस्टन अशा अमेरिकन बंदरांत अडकून पडली. बाहेर ब्रिटिश नौदल टपून बसलेलं, आणि अमेरिका तेव्हा तटस्थ होती. जवळपास तीन वर्षं ही जहाजं धक्क्याला बांधलेली राहिली. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचं अनिर्बंध युद्ध पुकारलं. आता अमेरिकाही युद्धात उतरणार आणि जहाजं जप्त होणार, हे उघड होतं. त्याच सुमारास जर्मन खलाशांनी आपल्याच जहाजांची इंजिनं फोडली.

फोडणारे अडाणी नव्हते. त्यांनी जहाजं बुडवली नाहीत. मुख्यतः वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर निवडून फोडले. हे सिलिंडर बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. त्यातले सर्वांत मोठे तर आत माणूस सरळ उभा राहील एवढ्या व्यासाचे. कुठे भिंतीला भगदाड, कुठे व्हॉल्व्हची पेटी फुटलेली, कुठे फ्लँज तुटलेला. इंजिनं जर्मनीत बनलेली, त्यामुळे ओतकामाचे पॅटर्नही तिकडेच. एका जहाजावर तर नुकसानीची यादीच सापडली. कुठला भाग तोडला आणि तो दुरुस्त होण्यासारखा नाही, अशा नोंदी त्यात होत्या.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली आणि जहाजं ताब्यात आली. फ्रान्सला सैन्य न्यायचं होतं, पण पुरेशी जहाजं नव्हती. सरकारी शिपिंग बोर्डाच्या इंजिनिअरांनी पाहणी करून सांगितलं की सिलिंडर बदलावे लागतील. म्हणजे नवे पॅटर्न बनवा, बीड ओता, बोअर करा, मग ते अजस्र धूड जहाजात उतरवा. त्यात वर्षाहून जास्त वेळ गेला असता.

त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. बीड वेल्डिंगला वाईट. त्यात कार्बन जास्त असतो, त्यामुळे ते ठिसूळ. जोडाजवळचा तापलेला भाग झटकन थंड झाला की काचेसारखा कडक होतो, आणि आकसताना शेजारीच नवा तडा जातो. शिवाय इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर हजारो सैनिक पाणबुडीसमोर अलगद सापडणार. बदला म्हणणाऱ्यांची भीती खरी होती.

दुसऱ्या बाजूला होते न्यूयॉर्क नेव्ही यार्डचे इंजिनिअर अधिकारी कॅप्टन अर्ल जेसप. त्यांचं म्हणणं, इलेक्ट्रिक आर्क वेल्डिंगने हे सिलिंडर जागेवरच सांधता येतील. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हे तंत्र वापरात होतं, पण एवढ्या मोठ्या कामावर नाही. नौदलाच्या इंजिन विभागाचे प्रमुख रॉबर्ट ग्रिफिन त्यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९१७ मध्ये काम नौदलाकडे आलं.

पद्धत समजायला सोपी आहे. तुटलेल्या कडा तिरक्या छाटायच्या. त्या कडांवर भोकं पाडून पोलादी स्टड बसवायचे, म्हणजे जोडाला नुसत्या ठिसूळ बिडावर भरवसा ठेवावा लागत नाही. भगदाडाच्या मापाचा ओतीव पोलादाचा तुकडा बसवायचा, आणि मग थराथराने वेल्डिंग. आर्कची उष्णता एका जागेपुरती राहते, म्हणून अख्खा सिलिंडर काढून भट्टीत तापवायची गरज नाही. जिथे वेल्डिंग जमत नव्हतं तिथे बोल्टचे पॅच मारले. शेवटी दाब देऊन चाचणी, आणि आतून पुन्हा बोअर.

१९१७ संपता संपता बहुतेक जहाजं कामाला लागली होती. एकेकाळी वेगाचा विक्रम करणारं 'कैसर विल्हेल्म दुसरा' आता 'ॲगामेम्नॉन' नावाने अमेरिकन सैनिक नेत होतं. जप्त केलेल्या जर्मन जहाजांतून पाच लाखांहून अधिक सैनिक फ्रान्सला गेले. डिसेंबर १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन शांतता परिषदेला गेले, तेही याच ताफ्यातल्या 'जॉर्ज वॉशिंग्टन'मधून.

मला यात सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती नुकसानीची यादी. तोडणाऱ्यांनी लोखंड किती फुटलं याचा हिशेब बरोबर केला होता. पण 'दुरुस्त होणार नाही' हा काही लोखंडाचा गुण नाही. हातात कुठलं तंत्र आहे, वेळ किती आहे आणि नवा भाग कुठून येणार, यावर ते ठरतं. त्यांनी दुरुस्तीचा अंदाज कालच्या कारागिरीवरून बांधला आणि तिथेच ते चुकले.

म्हणून दरवेळी सांधाच, असं नाही. आजचं हेड बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, आणि नवीन भाग दोन दिवसांत मिळतही असेल. तडा दोन व्हॉल्व्हच्या सीटच्या मधे असेल किंवा हेड आधीच बरंच घासलेलं असेल, तर बदलणं शहाणपणाचं. पण पुढच्या वेळी मेकॅनिकने ती रेघ दाखवली, तर खर्चाच्या आधी तीन गोष्टी विचारा. तडा नेमका कुठे आहे? नवं हेड किती दिवसांत येईल? आणि हेच सांधलं, तर बसवण्याआधी प्रेशर टेस्ट होणार का? तिसऱ्या प्रश्नाला तो घुटमळला, तर नवीनच घ्या. जेसपनेही सांधलेला सिलिंडर तपासल्याशिवाय समुद्रात पाठवला नव्हता.