निवृत्तीनंतर दुसऱ्या राज्यात राहायला जाताना

चिचगडपासून छत्तीसगडची सीमा जवळ आहे. मुले रायपूर-भिलाईला नोकरी करत असतील, तर निवृत्तीनंतर तिकडे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे: मुलांचा आधार मिळतो आणि रायपूरचे एम्स रुग्णालयही जवळ येते.

मात्र रक्तदाब, मधुमेहाच्या गोळ्यांत खंड पडू देऊ नका. महिनाभराची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने तपासणी अहवाल सोबत न्या. वय 70 किंवा अधिक असल्यास आयुष्मान कार्ड काढा. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. छत्तीसगडमधील योजनेच्या रुग्णालयांतही ते चालते.

नव्या गावी गेल्यावर आई-वडील दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असतील, जेवण-झोप कमी झाली असेल, तर ‘वयामुळे होतंय’ म्हणून सोडू नका. ते नैराश्य असू शकते, डॉक्टरांना दाखवा.