पांढरा घोडा खरंच पांढरा असतो का? इम्प्रेशनिस्ट चित्र कसं बघायचं?

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबच्या शिवारात, भर दुपारी, लिंबाच्या सावलीत एक पांढरा घोडा उभा आहे असं समजा. त्याचा रंग कोणता? कुणीही सांगेल, पांढरा. पण जरा निरखून बघा. सावलीतल्या पाठीवर निळसर छटा दिसते, पोटाखाली वाळलेल्या गवताची पिवळसर झाक असते. पांढराशुभ्र रंग दिसतो तो फक्त पानांतून अंगावर पडलेल्या कवडशांत.

डोक्याला माहीत असलेला रंग बाजूला ठेवून, त्या घडीला डोळ्यांना दिसलेला रंग कॅनव्हासवर उतरवायचा, ही इम्प्रेशनिझमची मूळ कल्पना. मराठीत याला दृक्प्रत्ययवाद म्हणतात.

नाव पडलं ते टिंगलीतून

1874 साली पॅरिसमध्ये काही चित्रकारांनी स्वतःच प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' हे चित्र होतं. लुई लरॉय या समीक्षकाने त्या शब्दावरून सगळ्यांचीच खिल्ली उडवली. ही चित्रं अर्धवट आहेत, असा आक्षेप होता. पण ऊन सतत सरकत असतं, त्यामुळे बाहेर बसून रंगवणाऱ्याला हात भरभर चालवावाच लागतो. म्हणून फटकारे सुटे आणि ठळक राहतात.

त्याच प्रदर्शनातले घोडे

एडगर देगाने 1869 मध्ये काढलेलं घोडागाडीचं एक चित्रही तिथे होतं. विषय गावाकडच्या शर्यतीचा, पण शर्यत दूर कुठेतरी इवलीशी दिसते. समोर उभी गाडी, आत दाईच्या मांडीवर बाळ, वर भलंमोठं आभाळ आणि सगळीकडे शांतता. गाडीची चाकं आणि घोड्यांचे पाय चौकटीने कापले गेलेत, घाईत काढलेल्या फोटोसारखे. गंमत म्हणजे देगाला उघड्यावर बसून रंगवणं पसंत नव्हतं, तो स्टुडिओत काम करायचा. हे चित्र आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

मग हुसेन यांचे घोडे?

करकंबच्या शेजारच्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन घोड्यांसाठी जगभर ओळखले गेले. पण त्यांची वाट वेगळी. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल आणि चीनमध्ये पाहिलेले तांग काळातले मातीचे घोडे त्यांच्या मनात घर करून होते. हुसेन यांचा घोडा जोरकस रेषेतून उसळतो, तो ताकदीचं रूप आहे. इम्प्रेशनिस्ट चित्रातला घोडा मात्र उजेडात विरघळतो, तिथे रेषा शोधूनही सापडत नाही.

म्हणूनच असं चित्र मोबाइलवर झूम करून बघितलं की नुसते रंगाचे डाग दिसतात. फोन हातभर लांब धरा आणि डोळे किंचित बारीक करा. डाग एकमेकांत मिसळतात, आणि घोड्याबरोबर त्या दुपारचं ऊनही दिसायला लागतं.