परत आलेल्या राजांचं गाव

परदेशी सहलीला निघालेल्या आपल्या माणसाला दोन काळज्या असतात. तिथं जेवायला काय मिळेल, आणि भरलेले पैसे वसूल होतील का? या दुसऱ्या काळजीपोटी आपण तीन दिवसांत अकरा ठिकाणं बघतो आणि घरी आल्यावर फोटो समोर ठेवून, हे देऊळ कुठल्या गावचं, यावर वाद घालतो.

आम्ही नवरा-बायको येत्या फेब्रुवारीच्या अखेरीस व्हिएतनामला जायचं म्हणतो आहोत. त्यातले अडीच दिवस ह्वे या शहरासाठी राखून ठेवले आहेत. नकाशावर आपण त्याला ‘ह्यू’ वाचतो, तिथले लोक ‘ह्वे’ म्हणतात. प्रवासी कंपनीनं पाठवलेल्या कागदावर किल्ला, पॅगोडा, नदीतली होडी आणि तीन राजांच्या समाध्या असा कार्यक्रम होता. मी त्यातली एक समाधी खोडली आणि तिथं दुसरंच एक नाव लिहिलं : आन लांग. कंपनीच्या मुलानं फोन करून विचारलं, “सर, ही जागा आमच्या यादीत नाही. तिथं बघण्यासारखं काय आहे?” त्याला फोनवर सांगता आलं नाही, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी शहराची ओळख करून घेऊ. व्हिएतनाम हा लांबट, चिंचोळा देश. त्याच्या मध्यावर, समुद्रापासून थोडं आत, एका नदीच्या दोन्ही काठांवर ह्वे वसलं आहे. नदीच्या नावाचा अर्थच ‘सुगंधी नदी’ असा आहे. १८०२ साली झा लाँग या राजानं उत्तर आणि दक्षिण एक करून न्गुयेन घराण्याची सत्ता स्थापन केली आणि राजधानी इथं ठेवली. १९४५ पर्यंत या घराण्याचे १३ राजे इथल्या गादीवर बसले. १९९३ साली युनेस्कोनं इथल्या वास्तूंना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पहिला दिवस किल्ल्याचा. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर किंवा समुद्र येतो. हा भुईकोट आहे, चारी बाजूंनी खंदक असलेला, आणि त्याची तटबंदी सुमारे दहा किलोमीटरची आहे. बुरुजांची धाटणी युरोपातली आणि आतली मांडणी चिनी राजनगराच्या वळणाची. तटाच्या आत राजनगर आणि त्याच्याही आत खुद्द राजाचं निवासस्थान, अशी एकात एक रचना. दक्षिणेकडचा न्गो मोन हा दरवाजा १८३३ सालचा. ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा राजा बाओ दाई यानं इथंच गादी सोडली आणि आपली तलवार व शिक्का नव्या सरकारच्या हवाली केला.

आत गेल्यावर एक गोष्ट मनाशी ठेवायला हवी. समोर दिसतं ते सगळं जुनं नाही. १९४७ साली फ्रेंच आणि व्हिएत मिन्ह यांच्या लढाईत राजनिवासाचा बराचसा भाग जळाला. उरलेल्याची वाताहत १९६८ साली झाली. त्या वर्षीच्या ३१ जानेवारीला उत्तरेकडच्या फौजांनी शहर घेतलं. ते परत घेण्यासाठी अमेरिकी आणि दक्षिण व्हिएतनामी सैन्य जवळजवळ महिनाभर गल्लोगल्ली लढलं. हजारो सामान्य माणसं मेली, काही बॉम्बगोळ्यांनी, तर काही शहर ताब्यात असताना उत्तरेच्या बाजूनं केलेल्या हत्यांमध्ये. आज दिसणारा कियन चुंग राजवाडा १९४७ साली नष्ट झाला होता. तो नव्यानं उभारून २०२४ साली लोकांसाठी खुला केला. दरबाराचा थाई होआ महालही दुरुस्तीनंतर २०२४ सालीच पुन्हा उघडला. मधे मधे जी मोकळी हिरवळ दिसते, तिथं कधीकाळी छपरं होती. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अहो, मग तिकीट काढून मोकळी जागाच बघायची म्हणा की!” मी म्हटलं, काही अंशी तसंच आहे.

किल्ल्यात सगळ्यात जास्त वेळ मी थे मियू या देवळासाठी ठेवला आहे. हे देऊळ देवांचं नाही, राजघराण्यातल्या पूर्वजांचं आहे. समोर काशाचे नऊ प्रचंड रांजण आहेत, १८३५ ते १८३७ या काळात ओतलेले. प्रत्येकावर १७ चित्रं कोरली आहेत : नद्या, डोंगर, पक्षी, झाडं, भाज्या, होड्या, तोफा. सगळा देशच नऊ रांजणांवर उतरवला आहे म्हणा ना. आत राजांच्या वेद्या ओळीनं मांडल्या आहेत. आज त्या दहा आहेत, पण तीन वेद्या १९५९ पर्यंत तिथं नव्हत्या. हाम न्घी, थान्ह थाई आणि दुई तान हे ते तीन राजे. फ्रेंचांनी तिघांनाही देशाबाहेर काढलं होतं. फ्रेंच राज्य गेल्यावर काही वर्षांनी त्यांना पूर्वजांच्या पंक्तीत जागा मिळाली.

या तिघांची हकीकत १८८३ पासून सुरू होते. त्या वर्षी तू दुक हा राजा वारला. त्याला मूल नव्हतं. पुढच्या वर्षभरात गादीवर चार राजे आले. पहिला दुक दुक. त्याला तीन दिवसांत पदच्युत करून कोंडलं आणि तो कोठडीतच मेला. चौथा हाम न्घी, वय १३. त्याच्या नावानं दरबारातल्या फ्रेंचविरोधी गटानं ५ जुलै १८८५ च्या पहाटे फ्रेंच तळावर हल्ला केला. हल्ला फसला. फ्रेंचांनी राजवाडा लुटला, शहरात असंख्य माणसं मेली. बालराजाला घेऊन मंडळी डोंगरात गेली आणि ‘राजाच्या मदतीला या’ असं फर्मान देशभर फिरलं. तीन वर्षांनी, १८८८ साली, राजा फितुरीनं पकडला गेला आणि त्याला थेट आफ्रिकेत, अल्जीरियाला पाठवण्यात आलं.

मी रत्नागिरीचा. हे वाचताना मला थिबा राजवाडा आठवणं साहजिक होतं. त्याच १८८५ साली, नोव्हेंबरात, इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी आमच्या गावी आणून ठेवलं. त्याआधी १८५८ साली दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेलं होतं. राजाला मारलं तर तो हुतात्मा होतो आणि गावात ठेवला तर निशाण होतो. म्हणून त्याला अशा ठिकाणी न्यायचं, जिथं त्याची भाषा कुणाला कळत नाही. इंग्रज काय, फ्रेंच काय, दोघांनी हीच रीत चालवली. जफरची कबर रंगूनमध्ये आहे, थिबाची रत्नागिरीत.

हाम न्घी अल्जीरियात चित्रकार झाला, शिल्पंही करू लागला. १९४४ साली तो तिथंच वारला. त्याचे अवशेष पुढे फ्रान्समधल्या एका गावात नेले. त्याची चित्रं मात्र २०२५ साली ह्वेला आली आणि नव्यानं बांधलेल्या कियन चुंग राजवाड्यात त्यांचं प्रदर्शन भरलं. ज्या शहरातून तो तेराव्या वर्षी पळाला, तिथं त्याच्या हातचं काहीतरी १४० वर्षांनी पोहोचलं.

थान्ह थाई हा कोठडीत मेलेल्या दुक दुकचा मुलगा. १८८९ साली फ्रेंचांनी त्याला दहाव्या वर्षी गादीवर बसवलं. मोठा झाल्यावर तो ऐकेनासा झाला, तेव्हा १९०७ साली त्याला वेडा ठरवून उतरवलं आणि त्याचा लहानगा मुलगा दुई तान याला बसवलं. लहान मूल मुठीत राहील, असा हिशेब होता. पण १९१६ च्या मे महिन्यात हा पंधरा वर्षांचा राजा उठाव करणाऱ्यांना सामील होऊन रात्री राजवाड्यातून बाहेर पडला. उठाव आधीच फुटला होता. राजा काही दिवसांत पकडला गेला, त्याच्या साथीदारांची डोकी उडवली गेली. बाप आणि मुलगा दोघांनाही त्याच वर्षी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर पाठवलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इकडे रत्नागिरीत थिबा राजानं डोळे मिटले.

रेडिओवरून बोलताना दुई तानची पुढची गोष्ट सांगायला मला विशेष आनंद होतो. रियुनियनमध्ये हा माजी राजा रेडिओच्या नादाला लागला. रेडिओ दुरुस्त करायला शिकला, स्वतः संदेश पाठवू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाला. २६ डिसेंबर १९४५ रोजी मध्य आफ्रिकेत विमान कोसळून तो गेला. ह्वेची गादी त्याच्या चारच महिने आधी संपली होती. थान्ह थाईला १९४७ साली मायदेशी येऊ दिलं. १९५४ साली सायगावात तो वारला आणि त्याचं दफन ह्वेला झालं. मुलाच्या अस्थी १९८७ साली आफ्रिकेतून आणल्या आणि बापाजवळ ठेवल्या. जिथं ठेवल्या, ती जागा म्हणजे आन लांग. आजोबा दुक दुक, मुलगा थान्ह थाई आणि नातू दुई तान : तीन पिढ्यांचे तीन पदच्युत राजे एका आवारात आहेत. शहराच्या मध्यापासून हे ठिकाण दोनेक किलोमीटरवर आहे.

आता दुसऱ्या दिवसाकडे येऊ. तो समाध्यांचा. तू दुकची समाधी म्हणजे तळं, पाइन वृक्ष आणि लाकडी मंडप असलेली मोठी बाग. राजा कवी होता, तळ्याकाठच्या मंडपात बसून कविता करायचा. मुलगा नसल्यानं स्वतःचा समाधिलेख त्यानंच लिहिला, आणि त्यात स्वतःच्या उणिवाही मांडल्या. ही बाग बांधताना राबवलेल्या मजुरांनी १८६६ साली बंड केलं होतं, हेही तिथं उभं राहून आठवलं पाहिजे. दुसरी समाधी खाई दिन्हची. दुई तानला काढल्यावर फ्रेंचांनी बसवलेला हा राजा. सिमेंट काँक्रीटचं बांधकाम, आत काच आणि चिनी मातीच्या तुकड्यांची डोळे दिपवणारी नक्षी. १९२० साली सुरू झालेलं काम १९३१ साली संपलं. त्यासाठी रयतेचा कर ३० टक्क्यांनी वाढवला होता. मिन्ह मांगची समाधी देखणी आहे, पण दूर आहे. मी तीच खोडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आन लांग. काचेची नक्षी डोळ्यांत ताजी असताना तिथं जायचं, म्हणून हा क्रम. मग होडीनं थियन मू पॅगोडा. तो १६०१ साली स्थापन झाला, त्याचा सात मजली मनोरा १८४४ चा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आपला पाऊस सरतो तेव्हा तिथला भरात येतो. सप्टेंबर ते डिसेंबर जाऊ नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदी शहरात शिरते. त्यांचं नववर्ष ‘तेत’ जानेवारी-फेब्रुवारीत येतं, तेव्हा दुकानं बंद असतात. तारीख आधी बघून घ्या. हनोईहून रात्रभराच्या रेल्वेनं ह्वेला उतरता येतं. जेवणाचं म्हणाल तर तिथल्या बौद्ध रिवाजामुळे शाकाहारी खाणावळी पुष्कळ. आणि कोकणच्या माणसाला एक खुशखबर : छोट्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचा भात हा ह्वेचा रोजचा नाश्ता आहे.

जून-जुलैत जाणार असाल, तर त्यांच्या पाचव्या चांद्र महिन्याची तेवीस तारीख विचारून ठेवा. १८८५ च्या त्या पहाटे मेलेल्यांसाठी ह्वेचे लोक आजही त्या सुमारास घरासमोर, रस्त्याकडेला नैवेद्य मांडतात. त्यासाठी कुठलंही तिकीट लागत नाही.