जादा पिल्लांचा बाजार

बिअर्डेड ड्रॅगन हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातला सरडा. एर्न्स्ट आल या जर्मन अभ्यासकाने १९२६ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. चिडला की तो गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. एरवी माणसाच्या हातावर तासन्‌तास निवांत बसतो. ऑस्ट्रेलियाने १९६०च्या दशकापासून वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर बंदी घातली आणि १९८२च्या कायद्याने ती अधिक कडक केली. त्यामुळे युरोप-अमेरिकेत आज उघडपणे विकले जाणारे ड्रॅगन हे बहुतांशी चोरट्या मार्गाने बाहेर गेलेल्या थोड्या सरड्यांचे वंशज आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हा प्राणी अजून दुर्मिळ आणि महाग होता.

ही महागाई फार काळ टिकणार नव्हती. मादी एका खेपेला साधारण पंधरा ते तीस अंडी घालते आणि नराचे बीज शरीरात साठवून एकाच मीलनावर त्याच हंगामात पुन्हा अंडी देऊ शकते. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये २८ ते ३० अंश सेल्सियसला ठेवलेली अंडी दोन-अडीच महिन्यांत फुटतात. घरात एकच जोडी असली, तरी वर्षाला शंभरावर पिल्ले होऊ शकतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. एकत्र ठेवलेली पिल्ले एकमेकांची बोटे आणि शेपटीची टोके तोडतात, आणि तुटलेले बोट पुन्हा येत नाही. त्यांना दिवसातून अनेकदा जिवंत किडे लागतात. अमेरिकेत रातकिड्यांची पैदास मुळात मासेमारीच्या आमिषासाठी होत असे. त्याच शेतांना आता हे नवे गिऱ्हाईक मिळाले. पिल्ले सहा-आठ आठवड्यांची झाली की ती लवकर हलवावीत, हा हिशेब प्रत्येक घरगुती पैदासकाराला करावाच लागतो. विक्री लांबली की खाण्याचा खर्च किमतीला गिळतो.

विकायची कुठे? दुकानदार घाऊक घेतो, पण किरकोळ भावाच्या अंशालाच. म्हणून हौशी मंडळी सरीसृपांच्या मेळाव्यांकडे वळली. फ्लोरिडातले पैदासकारांचे प्रदर्शन आणि जर्मनीतल्या हाम शहरातला ‘टेरारिस्टिका’ ही त्यांतली मोठी नावे. प्रत्येक टेबलावर तीच पिल्ले दिसू लागली, तसा साध्या पिल्लाचा भाव उतरत गेला. त्यावर उतारा म्हणून रंगरूपाचे वाण पुढे आले: लालसर वंश, फिकट ‘हायपो’ आणि इटलीत उगम पावलेला कमी काट्यांचा ‘लेदरबॅक’. दोन लेदरबॅकांच्या मीलनातून सरासरी पाव पिल्ले जवळजवळ खवलेहीन ‘सिल्कबॅक’ निघतात. त्यांची नाजूक कातडी सहज फाटते, कात नीट टाकली जात नाही. नावीन्याच्या हव्यासाचा हा वाईट नमुना. शिवाय त्याच खेपेत सरासरी पाव पिल्ले साधी निघतात. त्यांना वाणाचा भाव मिळत नाही, पण खायला तेवढेच लागते. साध्या पिल्लांची गर्दी टाळण्याचा हा उपाय त्यांची भर घालतच राहिला.

या घरोघरच्या देवाणघेवाणीने रोगही फिरवले. अ‍ॅडिनोव्हायरस वरून धडधाकट दिसणाऱ्या सरड्यातही असू शकतो आणि पिल्लांना मारतो. त्यामुळे जाणकार पैदासकार जोडी लावण्याआधी चाचणी करून घेतात. २०१४ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने साल्मोनेलाच्या एका साथीचा संबंध पाळीव बिअर्डेड ड्रॅगनशी जोडला. आजारी पडलेल्यांत लहान मुले बरीच होती.

कायद्यापुढे मात्र प्रश्न वेगळाच होता: जादा पिल्ले विकणारा हौशी माणूस व्यापारी ठरतो का? ब्रिटनमध्ये १९५१च्या कायद्याने पाळीव प्राण्यांच्या दुकानांना परवाना सक्तीचा केला. १९८३च्या दुरुस्तीने रस्त्यावर आणि बाजारातल्या फळ्यांवर प्राणी विकण्यास मनाई झाली, आणि मेळाव्यातले टेबल म्हणजे बाजारातली फळी का, यावर वाद पेटले. इंग्लंडच्या २०१८च्या नियमांनी परवान्याची अट ‘व्यवसाय’ म्हणून होणाऱ्या विक्रीला लावली. त्यामुळे विक्रीमागे नफ्याचा हेतू आहे का, हे पाहणे स्थानिक परवाना अधिकाऱ्यांकडे आले.