चिनी भरतकाम: वेणी, सोने आणि हाताचे ज्ञान



आजचा विषय चिनी भरतकाम, आणि त्यातही दोनच प्रकार: वेणीचे भरतकाम आणि सोनेरी दोऱ्याचे काम. आम्ही काही निवृत्त मंडळी हे काम छंद म्हणून शिकतो आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसांच्या हातात या वयात सुई कशाला, असे कुणी विचारेल. उत्तर सोपे आहे. ज्या प्रश्नावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे बोललो, तो प्रश्न सुई हातात घेतल्यावर नव्याने समोर आला. हाताला जे कळते, ते पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते कसे? आणि मधली साखळी तुटली तर?

मराठीत हा प्रश्न क्रियापदातच दडलेला आहे, बघा. 'पोहणे म्हणजे काय ते मला माहीत आहे' हे एक, आणि 'मला पोहणे येते' हे दुसरे. माहीत असणे वेगळे, येणे वेगळे. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात हाच भेद पुष्कळ पाने खर्चून मांडला. चीनमध्ये च्वांग त्सू या नावाने चालत आलेल्या ग्रंथात तो त्याच्या दोन हजार वर्षे आधी एका गोष्टीत येतो. एक राजा दिवाणखान्यात पुस्तक वाचत बसला आहे आणि खाली चाके घडवणारा एक सुतार काम करतो आहे. सुतार विचारतो, महाराज, काय वाचताय? राजा सांगतो, थोर ऋषींचे शब्द. ते हयात आहेत का? नाहीत. मग सुतार म्हणतो, तुम्ही वाचताय तो निव्वळ चोथा. राजा संतापतो, कारण दे नाहीतर मरशील, म्हणतो. सुताराचे कारण असे: छिन्नी किती जोराने चालवायची हे हाताला कळते, पण ते आपल्या मुलालाही शब्दांत सांगता येत नाही. म्हणून सत्तरीतही आपल्यालाच चाके करावी लागतात. ही गोष्ट मनात ठेवूनच आपण भरतकामाकडे जाऊ.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. चिनी भरतकामात 'वेणी' म्हणतात ती दोन प्रकारची. एक आपला ओळखीचा साखळी टाका. एका फासातून दुसरा फास काढत गेले की कापडावर वेणीसारखी रेघ उमटते, म्हणून त्या टाक्याला चिनीत वेणीच्या पेडाचे नाव आहे. चीनमधल्या जुन्या भरतकामाचा बराच भाग याच टाक्याचा. १९७२ साली हुनान प्रांतात चांग्शा शहराजवळ मावांग्द्वी येथे शिन झुई या सरदारपत्नीची कबर उघडली. काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाचा. तिच्यासोबत पुरलेली वस्त्रे रंगासकट टिकली होती, आणि बांबूच्या पट्ट्यांवर त्यांची यादीही होती. त्या यादीत भरतकामाच्या नक्षींना नावे आहेत. एकीचा अर्थ 'मेघारूढ', दुसरीचा 'दीर्घायुष्य'. नक्षीला नाव आहे, मालकिणीची ओळख आहे, पण जिने टाके घातले तिचे नाव कुठेही नाही. आपल्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

दुसरा प्रकार खऱ्या वेणीचा. हा नैर्ऋत्य चीनमधल्या ग्वेइझौ प्रांतात, म्याओ लोकांच्या स्त्रियांकडे आजही जिवंत आहे. इथे आधी वेणी घालतात आणि मग ती कापडावर शिवतात. एका लाकडी घोडीवर रेशमाचे आठ ते बारा-तेरा पेड टाकायचे, प्रत्येकाच्या टोकाला वजन बांधायचे, आणि ठरलेल्या क्रमाने ते एकमेकांवरून न्यायचे. जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची चपटी वेणी तयार होते. कागद कातरून केलेली आकृती कापडावर बसवतात आणि तिच्या कडेने वेणी फिरवत आत आत भरत जातात. वेणी सपाट लावली तर एक प्रकार. तिला बारीक चुण्या घालून, प्रत्येक चुणीला टाका घालत उभी केली तर दुसरा. चुण्यांचे काम हाताला खडबडीत लागते, चिवट असते आणि वेणी कितीतरी पट जास्त खाते.

आता थोडा हिशेब करू. वीतभर लांब आणि वीतभर रुंद जागा सपाट वेणीने भरायची, तर अडीच मिलिमीटर रुंदीने सुमारे सोळा मीटर वेणी लागते. आमच्या हाताने तासाला वीतभर वेणी होते. म्हणजे शिवणकाम सुरू होण्याआधीच ऐंशी तास गेले. म्याओ आजीचा हात आमच्यापेक्षा पुष्कळ जलद चालत असणार, तरी शेती, स्वयंपाक, गुरेढोरे सांभाळून उरलेल्या वेळात एक जाकीट पुरे व्हायला महिनेच काय, वर्षेही लागतात. हे आम्ही वाचलेले होते. पण काचेच्या पेटीतले जाकीट पाहून 'वा, काय नाजूक काम!' एवढेच तोंडून निघते. वेणी घातल्यावर त्या कापडात किती दिवस गेले आहेत ते दिसू लागते. छंदाने आम्हाला दिलेली ही पहिली गोष्ट.

या कापडावर नुसती फुलेपाने नसतात. म्याओंच्या कथेत फुलपाखरू ही आदिमाता. ती मेपलच्या झाडातून जन्मली, तिने बारा अंडी घातली, त्यातून माणसाचा पूर्वज आणि इतर प्राणी निघाले. ही आई, तिची अंडी, नाग, पक्षी बाहीवर आणि पाठीवर येतात. पूर्वी या समाजात सर्वत्र वापरात असलेली स्वतःची लिपी नव्हती. गाणी आणि कापड यांनीच स्मृती सांभाळली. मुलगी आईजवळ बसून शिकली, म्हणून ती टिकली. २००६ साली चीनने म्याओ भरतकामाला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत घेतले. चांगलेच झाले. पण यादीत नाव आले म्हणून मुलगी आईजवळ बसत नाही. ती शहरात नोकरीला गेली, तर घोडी आणि वजने माळ्यावर जातात.

आता सोन्याकडे वळू. सोनेरी दोरा म्हणजे सोन्याचा दोरा नव्हे, बरं का. सोन्याचा वर्ख कागदावर चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि त्या रेशमी दोऱ्याभोवती गुंडाळायच्या, ही चीनमधली रूढ रीत. आपल्याकडचे कलाबूतही धाग्यावर धातू गुंडाळूनच होते. असा दोरा सुईत ओवून कापडातून ओढला तर वरचे सोने सोलले जाईल. म्हणून सोने कापडातून जातच नाही. दोन दोरे शेजारी शेजारी कापडावर ठेवायचे आणि वरून बारीक रेशमाचे टाके घालून ते बांधायचे. पुढच्या ओळीतले टाके मागच्या ओळीच्या मधोमध यायला हवेत, भिंतीतल्या विटांसारखे. चिनी कामात हा बांधणारा दोरा बहुधा लाल असतो, त्याने सोन्याला ऊब येते. वळणावर मात्र परीक्षा असते. दोरा जास्त ओढला तर कापड गोळा होते, सैल सोडला तर सोने उचलते. किती ओढायचा? सुताराच्या छिन्नीचाच हा प्रश्न.

या कामाचा थक्क करणारा नमुना शांशी प्रांतातल्या फामेन मंदिरात मिळाला. १९८१ साली तिथला जुना मनोरा अर्धा कोसळला. पुढे त्याच्या पायाचे काम करताना १९८७ साली खाली ८७४ साली बंद केलेले तळघर सापडले. थांग राजघराण्याने बुद्धाच्या अस्थीला वाहिलेल्या वस्तूंत किरमिजी रेशमावर सोन्याने भरलेली चिमुकली वस्त्रे होती. अर्ध्या बाह्यांचा झगा तळहातावर मावेल एवढा. त्यात एक काषायही आहे. चिनीत भिक्षूच्या वस्त्राला 'च्याशा' म्हणतात, तो आपला संस्कृत 'काषाय' शब्दच. या कामातल्या सोनेरी दोऱ्याची जाडी सरासरी एक दशांश मिलिमीटर. तळघरात वस्तूंची यादी कोरलेला दगड आहे, दात्यांची नोंद आहे. एवढा बारीक दोरा कुणी वळला आणि कुणी बांधला, हे नाही.

मुंबईकरांना याचे एक उदाहरण घरचेच आहे. एकोणिसाव्या शतकात ग्वांगझौशी व्यापार करणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांमुळे चिनी रेशमी भरतकामाच्या 'गारा' साड्या मुंबईत आल्या. त्या पारशी कुटुंबांत आजही जिवापाड जपल्या जातात. पणजीचे नाव, ती साडी कुठल्या लग्नात नेसली होती, सगळे सांगता येते. भरणाऱ्या चिनी हाताविषयी काहीच सांगता येत नाही.

मग नाव कुणाचे टिकले? मिंग काळात शांघायच्या गू घराण्यातल्या स्त्रिया हौसेने भरतकाम करत. त्यांतली हान शिमेंग जुन्या चित्रकारांची चित्रे सुईने उतरवी. तिने १६३४ साली केलेला चित्रसंग्रह आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे आणि त्यावर तुंग छीछांग या मोठ्या चित्रकार-पंडिताचा अभिप्राय आहे. पुढे घराण्याची स्थिती खालावली, तेव्हा याच हौसेवर घर चालवावे लागले. छंद पोटापाण्याचा झाला.

सूझौच्या शेन शौ हिची कथा तर आमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. जन्म १८७४ चा. १९०४ साली राजमाता त्सशी हिच्या सत्तरीला तिचे काम दरबारात गेले आणि नावाजले गेले. १९१४ पासून ती नानतुंग येथे चांग च्येन या उद्योजकाने काढलेल्या शाळेत मुलींना शिकवू लागली. पुढे ती आजारी पडली. आपल्याबरोबर हे सगळे जाईल, या जाणिवेने तिने आपली विद्या सांगायला घेतली, चांग च्येनने लिहून घेतली. १९१९ साली पुस्तक आले आणि १९२१ साली ती वारली. त्यात चौकट आहे, सुई आहे, अठरा प्रकारचे टाके आहेत, आणि भरणारीने कोणते गुण बाळगावेत हेही आहे. सुतार म्हणाला होता की सांगता येत नाही. शेन शौने अंथरुणावरून सांगितले. दोघेही खरे आहेत असे आम्हाला वाटते. पुस्तकाने हात तयार होत नाही. पण हात तयार करायला बसलेल्या माणसाला कुठे लक्ष द्यायचे, हे पुस्तक सांगते. शेन शौने पुस्तकही दिले आणि विद्यार्थिनीही घडवल्या, म्हणून तिची विद्या चोथा झाली नाही.

शेवटी आमच्यासारख्या हौशी लोकांविषयी. आमचा छंद हा कुणाचा तरी पोटाचा धंदा आहे. गू घराण्याच्या अगदी उलट वाट आम्ही चालतो आहोत. आमचे पोट निवृत्तिवेतनावर भरते, आमच्याकडे वेळ आहे, चूक झाली तर उसवता येते. त्यामुळे आम्ही परंपरा टिकवतो आहोत असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. ती टिकेल ती ग्वेइझौच्या घरांत, आणि तिथल्या बाईला तिच्या ऐंशी तासांचा योग्य मोबदला मिळाला तर. आमच्या वाट्याला छोटी कर्तव्ये येतात. जे शिकलो ते कुणाचे आहे, हे दरवेळी सांगावे. हाताने केलेले काम विकत घेताना, कारागीर चिनी असो की आपल्या गल्लीतला जरीवाला, घासाघीस करण्याआधी मनात तासांचा हिशेब करावा. आणि शक्य असेल त्याने दोन वीत वेणी स्वतः घालून पाहावी. तेवढ्याने कुणी कारागीर होत नाही, पण संग्रहालयात काचेपुढे उभे राहण्याची तऱ्हा बदलते.