आमिषाची विद्या

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यांतील दोन तालुके एकमेकांस लागून वसले आहेत. माहुलीचा गड, माळशेज व नाणेघाट हीं नांवें मुंबईकरांस परिचित आहेत. परंतु याच डोंगरांतून उतरणाऱ्या भातसा व काळू या नद्यांची ओळख फारसें कोणी करून घेत नाहीं. या नद्यांच्या डोहाकांठीं गळ टाकून बसलेला ठाकूर किंवा कातकरी शहरी माणसास रिकामटेकडा वाटतो. वस्तुतः असें स्वस्थ बसण्यापूर्वीं त्यानें एका प्रश्नाचें उत्तर शोधलेलें असतें : या घटकेस या पाण्यांतील मासा काय खात आहे? आमिषाची सारी विद्या या एका प्रश्नांत सांठवलेली आहे, आणि तिचा लेखी इतिहास जवळजवळ नऊशें वर्षांचा आहे.

तिचा जुना लेखक एक राजा होता. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ च्या आगेंमागें, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे उल्हास नदीवरील कल्याण बंदर नव्हे. ती बीदरकडील, आजचें बसवकल्याण. मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ त्यांतील जुन्या मराठी पद्यामुळें ठाऊक आहे, तर खाद्यपदार्थांच्या शोधकांस मांडे-वड्यांच्या कृतींमुळें. पण त्याच्या शंभर प्रकरणांत ‘मत्स्यविनोद’ हेंही एक प्रकरण आहे. राजा प्रथम माशांचे समुद्रांतील व नदींतील, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद सांगतो; पुढें कोणत्या माशास कोणतें खाद्य घालावें तें सांगतो; आणि मग काठी, दोरी व गळ यांकडे वळतो. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. आधीं मासा, मग त्याचें अन्न, आणि सर्वांच्या शेवटीं गळ.

डोहाकांठच्या माणसानें हा ग्रंथ पाहिलेला नाहीं. त्याचा क्रम मात्र तोच. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वलगण लागते, म्हणजे मासे अंडीं घालण्यासाठीं नदींतून ओढ्यांत व ओढ्यांतून भातखाचरांत चढूं लागतात. त्या दिवसांत आमिषाची गरजच उरत नाहीं. पुढें नदी गढूळ असेतों गांडूळ उपयोगी पडतें; कारण गढुळांत माशाचे डोळे निरुपयोगी होतात व तो वास आणि स्पर्श यांवर विसंबतो. मरळ माशाची तऱ्हा निराळी. तो पृष्ठभागीं येऊन हवा घेतो, लव्हाळ्याच्या आडोशास दबा धरून बसतो आणि बेडकावर झडप घालतो. म्हणून त्याच्यासाठीं गळास बेडूक लावून तो पाण्याच्या तोंडावरून उड्या मारवीत न्यावा लागतो. पिलांच्या तांबूस थव्याची राखण करीत असतां मरळ भुकेनें नव्हे तर रागानेंही झेपावतो. पण राखणदार गेला कीं पिलें इतरांच्या तोंडीं पडतात. तेथें गळ टाकणें म्हणजे पुढच्या वर्षींचा मासा आजच खाणें होय. वैतरणेसारख्या खडकाळ नदींत राहणारा महसीर, ज्यास मराठींत खडशी म्हणतात, तो तर कांठच्या उंबराचीं फळें, खेकडे, शिंपले व लहान मासे सर्वच खातो. त्याचा जबडा इतका बळकट असतो कीं हलका गळ तो चेपून टाकतो. तेथें आमिषाइतकाच गळही पारखून घ्यावा लागतो.

ही विद्या इंग्रजी ग्रंथांत उतरली तेव्हां तिच्यावर मराठीची मोहोर राहिली. कर्नल साइक्स यानें १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील ‘खुद्री’, ‘मुसुल्ला’, ‘कोलुस’ हीं जातिनामें लॅटिन नव्हेत. तीं नदीकांठच्या मराठी बोलींतून घेतलेलीं नांवें होत. आजही जगभरचे शास्त्रज्ञ खडशीस ‘टोर खुद्री’ म्हणतात. मात्र हें नांव ज्यांनीं साइक्सला सांगितलें, त्यांचें नांव कोणासही ठाऊक नाहीं. पुढें दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिला. पिठाची गोळी, मेलेला लहान मासा आणि धातूचा चमचा या सर्वांची चर्चा त्यांत आहे. मात्र तिचा पाया मासा काय खातो याच्या निरीक्षणावरच आहे.

हा चमचा मूळचा अमेरिकेचा. जुलिओ ब्यूएल यानें १८५२ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. जेवतांना हातांतील चमचा तळ्यांत पडला आणि त्याच्यामागें मासा धांवला, अशी आख्यायिका सांगतात. त्या देशांतील बास मासा आपल्या मरळासारखाच दबा धरणारा. त्याच्यासाठीं लांकडाचे बेडूक व धातूचे मासे यांचा मोठा व्यापार उभा राहिला. फिनलंडचा मासेमार लौरी रापाला यानें १९३६ मध्यें बुचाचा मासा कोरला, तेव्हां त्यास जखमी माशाची डुलती चाल दिली. कारण शिकारी मासा कळपांतील दुबळ्यावरच तुटून पडतो. स्वच्छ पाण्यांत चकाकी आणि गढुळांत थरथर, हा नकली आमिषाचा मुख्य नियम आहे. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली रेघ पाण्यांतील सूक्ष्म कंप टिपते. म्हणजे लांकूड काय, पत्रा काय किंवा बेडूक काय, प्रश्न तोच राहतो.

परंतु पाणीच बदललें तर? १८९२ सालीं तानसा तलाव झाला. स्वातंत्र्यानंतर शहापूरच्या मुलखांत वैतरणा व भातसा अडल्या आणि मुंबईची तहान भागली. जेथें वाहता डोह होता तेथें संथ जलाशय आला. महाराष्ट्रांतील अशा जलाशयांत गंगेकडील कटला, रोहू व मृगळ यांचें बीज सोडण्यांत आलें. या माशांस चमचा किंवा बेडूक नको. त्यांस कणीक व पेंड लागते. बदललेल्या पाण्यासाठीं नवें उत्तर शोधणें हें विद्येस नवें नाहीं. खरा घात होतो तो प्रश्नच सोडून दिल्यानें. पाण्यांत सुरुंग उडविणारा किंवा विषारी औषध ओतणारा मासा काय खातो हें विचारीत नाहीं. गळ एका माशास निवडतो. सुरुंग पिलूं आणि माता यांत भेद करीत नाहीं. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानें या दोन्ही गोष्टींस मनाई केली, यावरून हा रोग किती जुना आहे हें कळतें. रानांतल्या सालींनीं मासे गुंगविण्याची रीतही जुनीच आहे. पण तिचा मारा एका डोहापुरता असे.

शहापूरच्या शेजारीं, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यांत व नंतर पालघर जिल्ह्यांत गेलेल्या वाडा तालुक्यांत, वैतरणेच्या कांठीं तिळसेश्वराचें मंदिर आहे. तेथील महसीर देवाचे मासे मानले जातात व त्यांस कोणी मारीत नाहीं. यात्रेकरूनें मूठभर चुरमुरे टाकतांच मोठमोठे मासे निर्धास्तपणें पायाशीं येतात. सोमेश्वराच्या ग्रंथांतील खाद्य तेंच, डोहाकांठच्या माणसाची पारखही तीच. फरक एवढाच कीं येथें त्या घांसांत गळ नाहीं. माशाची भूक ज्यास कळली, त्याच्या हातीं त्यास पकडणें आणि राखणें हीं दोन्ही येतात.